करंगळी लिहायला करंगळी लागते

मंडळी, मागे फळ्यावर विषय लिहिलाय: 'छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घेताना लेआउट कोणता निवडावा'. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, लेआउट म्हणजे बटणांची मांडणी. बोलावणाऱ्यांना हा दहा मिनिटांचा विषय वाटला होता, मला दोन तासांचा वाटतो. चाळीस मिनिटांवर तडजोड झालीय.

आधी हात वर करा. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या सरकारी कीबोर्ड-रचनेवर, टाइप करणारे किती? वा, निम्म्याहून जास्त. आणि इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवणारे? हात खाली घेऊ नका, इथे कुणी रागावणार नाही. रागावतील ते चहाच्या वेळी.

कीबोर्डला सरकारी शब्द 'कळफलक'. एरवी सरकारी शब्दांना मी हसते, याला हसत नाही. बटण ती कळ, मनगटातून निघते तीही कळ, आणि भांडण लागलं तर लावतात तीही कळच. माझ्या बाबतीत तिन्ही झाल्या, त्याच क्रमानं.

मी साताऱ्याची. बारावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं. मराठी तीस शब्द मिनिटाला, खाकी कागद, आणि पट्टी घेऊन मागे उभे सर. त्या मशीनवर शिफ्ट दाबणं म्हणजे खरोखरचं वजन उचलणं होतं. आतला लोखंडी भाग वर-खाली सरकायचा, म्हणून तर ती 'शिफ्ट'. रेमिंग्टनच्या १८७४च्या पहिल्या यंत्राला ती नव्हतीच, ते नुसती मोठी अक्षरं छापायचं. १८७८च्या दुसऱ्या यंत्रात शिफ्ट आली आणि जगभरच्या करंगळ्या कामाला लागल्या. आमच्या क्लासमधल्या मुलींची डावी करंगळी हातातल्या इतर बोटांपेक्षा तयार असे. गोदरेजनं २००९मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. यंत्रं गेली, करंगळ्या आम्हाला राहिल्या.

आता मूळ गोष्ट. माझा भाचा जर्मनीत असतो. तीन वर्षांपूर्वी येताना त्यानं एक कीबोर्ड आणला. "मावशी, तुझा तो लांबलचक फळा टाकून दे." इवलासा, सुबक, ६० टक्क्यांचा. टक्के म्हणजे सवलत नव्हे. पूर्ण कीबोर्डला १०४ कळा धरल्या तर यात साठ-बासष्ट. बाण नाहीत, एफवन-एफटूची रांग नाही, उजवीकडचे आकडे नाहीत. रुंदी साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे टेबलावर कपबशीला जागा होते. वाय आणि झेड जर्मन पद्धतीनं उलटसुलट छापलेले, पण मी कळांकडे बघत नाही, मला काय त्याचं?

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पगार नाही, शिव्या आहेत. एका रात्री घाईत नोटीस टाइप केली, छापली, वॉचमनकरवी लिफ्टशेजारी लावली. तीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलेली बाई, स्वतःचा कागद वाचला नाही. सकाळी लिफ्टपाशी गर्दी. नोटीस अशी होती:

'सर्व सबासदांना कलविण्यात येते की गच्चीवर वालवणे गालू नयेत. पाण्याच्या टाकीजवल गर्दी टालावी. तकबाकी त्वरित बरावी.'

हसा, हसा. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "वहिनी, नवी कवळी बसवली का?" कुणी थकबाकी भरली नाही. म्हणाले, आम्ही 'बरावी'चा अर्थ शोधतोय.

मी कागद काढून घरी आणला आणि लाल पेनानं चुका घेरत बसले. आता इथे नीट लक्ष द्या, माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. 'वालवणे' बघा. ळ चुकलाय, पण ण बरोबर आहे! ळही शिफ्टचा, णही शिफ्टचा. मग एकच का चुकावा? मी टेबलावर बोटं ठेवून हवेत टाइप करून पाहिलं. नवऱ्यानं विचारलं, पेटी शिकतेयस का.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर, काना-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. १९९१च्या भारतीय मानकात ही रचना आहे आणि ती फार शहाणपणाची आहे. काना आणि व्यंजन आळीपाळीनं येतात, दोन्ही हात तालात चालतात. अल्पप्राण साधा, महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट दाबून. कवर ख, गवर घ, दवर ध, लवर ळ. आता जे अक्षर उजव्या हातानं काढायचं, त्याची शिफ्ट डाव्या हातानं दाबायची, हे क्लासमध्ये पट्टी खाऊन शिकलोय. म्हणजे ख घ छ झ ठ ढ थ ध फ भ श ष ळ, एवढी सगळी फौज एकट्या डाव्या करंगळीवर! 'साताऱ्यात'मधला तो अर्धचंद्री ऱ्यासुद्धा तिच्याच हवाली. ती चुकली की 'सातार्यात', आणि मग मुद्रितशोधकाचा फोन. ण मात्र डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा, म्हणून त्याची शिफ्ट उजवी. म्हणून तो वाचला. 'करंगळी' हा शब्दच घ्या, डाव्या करंगळीशिवाय लिहून होत नाही.

आणि त्या जर्मन कीबोर्डवर डावी शिफ्ट होती एवढीशी. अमेरिकन ठेवणीत, जिला आन्सी म्हणतात, डावी शिफ्ट सव्वादोन कळांएवढी रुंद, सुमारे ४३ मिलिमीटर. युरोपियन ठेवणीत, म्हणजे आयएसओत, तिच्यातूनच एक जास्तीची कळ कापून काढलेली असते. शिफ्टला उरतात २४ मिलिमीटर, आणि तेही कोपऱ्यात. माझी करंगळी जिथे जन्मभर पडत आली तिथे ती जास्तीची कळ होती. भाच्यानं ती 'तुला काय कामाची' म्हणून बंद करून दिली होती. म्हणजे करंगळी इमानदारीत दाबत होती आणि काहीच होत नव्हतं. सरकारी खिडकीसारखं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र युरोपियनांना देते. त्यांचा एंटर उंच, दोन रांगांचा, उलट्या एल अक्षरासारखा. त्यामुळे एंटरच्या वरची कळ खाली मधल्या रांगेत, टच्या शेजारी येते. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर काय आहे? ॉ! डॉक्टर, कॉफी, ऑफिस, सगळं घरच्या रांगेत, म्हणजे बोटं टेकलेली असतात तिथेच. आता मराठीत इंग्रजी शब्द किती घुसलेत यावर मला बोलायचं नाही, कारण मागच्या महिन्यात त्यावर याच खोलीत भांडण झालंय.

आवाजाबद्दल दोन शब्द. मेकॅनिकल म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांचं खूळ, असं समजू नका. दुकानाच्या काउंटरवर खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड आठवतो? तो मेकॅनिकलच. निळे स्विच वाजतात, तपकिरी मधे किंचित अडखळतात, लाल सरळ खाली जातात. मी निळे घेतले होते. नवरा म्हणाला, घरात सुतार ठेवल्यासारखं वाटतं. आता लाल आहेत आणि संसार चालू आहे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मग ज्यासाठी तुम्ही आलात ते भराभर सांगते, लिहून घ्या.

४० टक्क्यांचा कीबोर्ड मराठीसाठी घेऊ नका. त्यात आकड्यांची रांगच नसते. इन्स्क्रिप्टचा ॅ, क्ष, ज्ञ, श्र त्या रांगेत, 'कृपया'तला ृ बरोबरच्या चिन्हावर. म्हणजे गृहनिर्माण संस्था गेली. बहुतेकांत चौकटी कंसांच्या कळाही नसतात, म्हणजे ड गेला. लाडू, वडा, साडी, सगळं फंक्शन कळेच्या आड, म्हणजे दर वेळी ती सोबत दाबून धरा.

६० टक्क्यांत अक्षरं सगळी मिळतात. डाव्या कोपऱ्यातली कळ एस्केप खाते, पण तिथे इन्स्क्रिप्टला ऱ्हस्व ओ आहे, तो मराठीला लागत नाही. प्रोग्रामर रडतात, आपण नाही. मात्र बाण नाहीत, आणि संपादन करणाऱ्याला बाण हवेतच. १९९६चा तो प्रसिद्ध जपानी हॅपी हॅकिंग घ्यायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: त्यात एंटरच्या वर डिलीट आणि ॉची कळ पार वरच्या रांगेत. कॉफी महागात पडेल.

६४ कळांचे काही येतात, तेवढ्याच जागेत बाण कोंबलेले. त्यांत उजवी शिफ्ट एका कळेएवढी. अ, आ, इ, ई आणि ण तिच्यावर आहेत. नको.

६५ टक्के, म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट कळा, बाणांसकट, अमेरिकन ठेवण: माझं मत याला. उजवी शिफ्ट थोडी आखडते, पण यच्या शेजारी सापडते. एफसेव्हन वगैरे लागत असतील तर ७५ टक्के, चौऱ्याऐंशीच्या आसपास कळा. टेबल मोठं असेल तर ८७ कळांचा घ्या आणि सुखी राहा. घेण्याआधी फोटोत दोन गोष्टी बघा. डावी शिफ्ट झेडच्या कळेला चिकटलेली आहे ना, आणि उजवा आल्ट शाबूत आहे ना. रुपयाचं चिन्ह उजवा आल्ट आणि ४ वर असतं. काही छोट्या कीबोर्डांत तिथे फंक्शन कळ बसवतात.

काय म्हणालात? ती जास्तीची कळच शिफ्ट करून टाकली तर? ...हो. होतं. आठ महिन्यांनी भाच्यानं फोनवर सांगून दोन मिनिटांत करून दिलं. तोवर मी दुसरा विकत घेतला होता, आणि तुम्ही हा प्रश्न सुरुवातीला विचारला असता तर व्याख्यान झालंच नसतं.

दोन्ही कीबोर्ड चहाच्या टेबलावर ठेवलेत. डावीकडचा जर्मन, ती कळ आजच्यासाठी पुन्हा बंद केलीय. त्यावर आपापलं आडनाव टाइप करून बघा. कुलकर्ण्यांना काही होणार नाही. भोळे, ढवळे, घाणेकर, जरा जपून.