टेस्ट रिपोर्टावरची सही

श्रोतेहो, नमस्कार.

मी सांगलीच्या बाजारपेठेत परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून काम करतो. गणपती पेठेतली दुकानं, हळदीची गोदामं, विश्रामबागेकडचे फ्लॅट, लहानसहान वर्कशॉप, असं सगळं काम आमच्याकडे येतं. आज तुमच्याशी एका कागदाबद्दल बोलायचं आहे. नवीन वीजजोडणी घेताना अर्जासोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. बहुतेकांनी तो एकदा तरी दिलेला असतो, पण वाचलेला क्वचितच कुणी असेल.

त्या कागदावर ठेकेदार लिहून देतो, की या जागेतली वायरिंग मी तपासली, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग ठीक आहे, इथे वीज सोडायला हरकत नाही. खाली त्याची सही आणि लायसन नंबर असतो. हे लिहून द्यायचं तर आधी काय करावं लागतं, ते सांगतो.

मेन स्विच बंद करायचा. बल्ब, ट्यूब काढायच्या, पंखे आणि बाकीची उपकरणं सोडवायची, बोर्डावरची बटणं मात्र चालू ठेवायची. मग मेगर लावायचा. मेगर म्हणजे वायरीच्या इन्सुलेशनमधून वीज झिरपते का ते दाखवणारं यंत्र. पूर्वी दांडा फिरवायचे होते, आता बटणाचे आले. फेज आणि अर्थ यांच्यात 500 व्होल्ट एक मिनिट धरायचे आणि रीडिंग किमान 1 मेगाओहम आलं पाहिजे. तेच न्यूट्रलचं. त्यानंतर अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वाटेचा, रेझिस्टन्स मोजायचा. शेवटी प्रत्येक बटण फेजवर आहे ना, ते बघायचं. बटण न्यूट्रलवर असलं तरी दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. पण दिवा विझलेला असताना होल्डरमध्ये फेज जिवंत असतो, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचा हात तिथे लागतो.

हे नीट करायचं तर दोन खोल्यांच्या घरालाही चांगला वेळ जातो. आणि बाजारात काय चालतं? सकाळी फोन येतो, "दुपारपर्यंत एक सही पाहिजे, पोराला पाठवतो." जागा कुठली, वायरिंग कुणी केली, काही विचारायचं नाही. अशा सह्या देणारे आहेत, आणि ते आमच्याच धंद्यातले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. न बघता सही करणारा ठेकेदार त्या घरातल्या माणसांच्या जिवावर सही करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत होतं, 2010 च्या केंद्रीय विनियमांत होतं आणि 2023 च्या नव्या विनियमांतही आहे: बल्ब, पंखा, फ्यूज, बटण असं जसंच्या तसं बदलायचं असेल तर सूट आहे, पण नवी वायरिंग, वाढीव पॉइंट, दुरुस्ती हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच झालं पाहिजे. प्रत्यक्ष काम परमिट असलेल्या वायरमननं करायचं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची नजर हवी.

"पण तुमचा रेट जास्त आहे," हे मी रोज ऐकतो. पॉइंटमागे कमी रेट सांगणारा माणूस पैसे कुठे वाचवतो, ते बघा. गीझरला 4 चौरस मिलिमीटरच्या ऐवजी दिव्याची दीडची वायर ओढतो. आयएस 694 या वायरीच्या भारतीय मानकाचा शिक्का नसलेली, 90 मीटर लिहिलेली पण तेवढी न भरणारी कॉइल आणतो. आणि सगळ्यात आधी अर्थिंगला कात्री लावतो, कारण अर्थिंग नसली तरी लाइट लागते. मी कितीतरी बोर्ड उघडले, त्यात अर्थिंगची हिरवी वायर टोकाला टेप गुंडाळून आतच दुमडून ठेवलेली होती. बाहेर तीन पिनांचं सॉकेट, आत मोठ्या पिनेला काहीच जोडलेलं नाही. घरातल्या वहिनी सांगतात, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." त्या झिणझिण्या अंगावर काढू नका. गीझरचं एलिमेंट गळायला लागलेलं असतं आणि त्या विजेला जमिनीत जायला तुमच्या शरीराखेरीज वाट ठेवलेली नसते.

दुसरी गोष्ट एमसीबीची, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचची. एसी लावला, एमसीबी पडायला लागला, की कुणीतरी दहा अँपिअरचा काढून बत्तीसचा बसवतो आणि मालक खूश होतो. एमसीबी वायरीला वाचवायला असतो. दीडच्या वायरीवर बत्तीसचा बसवला तर भिंतीतली वायर तापत राहील आणि एमसीबी स्वस्थ बसून राहील. पडणारा एमसीबी काहीतरी सांगत असतो, ते आधी शोधायला हवं.

सांगलीकरांना पुराबद्दल वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पेठेत पाणी आलं. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला दुकान उघडायची घाई होती, आणि ती मी समजू शकतो, माल गेलेला, हप्ते डोक्यावर. पण भिंत वरून कोरडी दिसते तेव्हाही आतल्या पाइपात गाळ आणि पाणी असतं. मेगर लावला की काटा शून्याला चिकटायचा. वायरी ओढून काढाव्या लागल्या, पाइपांतून हवा मारावी लागली, रोज पुन्हा मोजावं लागलं, तेव्हा कुठे रीडिंग हळूहळू चढत गेलं. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की ती तोडणारे स्विच, धुऊन, वाळवून पुन्हा बसवायचे नसतात, ते नवेच घ्यायचे. आतली यंत्रणा गाळानं अडकते आणि वरून काही कळत नाही. आणखी एक, पूर आल्यावर बाहेरून लाइट बंद केली तरी घरातला इन्व्हर्टर चालूच असतो. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत तो बंद करा आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवा. नदीकाठच्या भागात नवीन फिटिंग करताना डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेली पेटी, आणि सॉकेट शक्य तितकी वर घ्या, भले भिंतीची शोभा थोडी गेली तरी चालेल.

आता तुमच्याकडून मला काय हवं आहे ते सांगतो. काम द्यायच्या आधी ठेकेदाराचं लायसन मागा आणि मुदत संपलेली नाही ना, ते बघा. चांगल्या ठेकेदाराला याचा राग येत नाही. डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, बरेच जण त्याला ईएलसीबी म्हणतात, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, तो लगेच पडला पाहिजे. टेस्ट रिपोर्टावर सही होण्याआधी म्हणा, "दादा, माझ्यासमोर मेगर लावा." रीडिंग तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. आणि तारीख, मेगरचं रीडिंग, अर्थिंगचे ओहम हे डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून घ्या, म्हणजे पुढे कधी बिघाड झाला तर येणाऱ्या वायरमनला तेव्हाचं आणि आताचं रीडिंग ताडून बघता येईल.

नमस्कार.