मंडळाच्या खोलीतला रविवार

नमस्कार मंडळी. मी बँकेत कॅश काउंटरच्या मागे ३१ वर्षं काढली. त्यातल्या शेवटच्या दहाएक वर्षांत एक गोष्ट रोज दिसायची. चांगली शिकलेली पोरं, इंजिनिअरसुद्धा, काचेपाशी यायची, स्लिप पुढे सरकवायची आणि म्हणायची, मॅडम एवढं भरून द्या ना. आधी आधी मी द्यायचे भरून, कारण मागे लाइन असायची. नंतर मी पेन त्यांच्याच हातात द्यायला लागले, बोट ठेवून दाखवायचं, ही तारीख, हा खाते नंबर, इथे रक्कम अक्षरी लिही. दोन मिनिटं लागायची फक्त. पण पुढच्या वेळी तेच पोरगं स्लिप भरून आणायचं आणि शेजारच्या आजोबांचीही भरून द्यायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर रिटायर झाल्यावर मी आमच्या गणपती मंडळात गेले. पर्वतीच्या पायथ्याशी आमची वस्ती, तिथे मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर ती बंदच असते, आत ढोल, ताडपत्र्या, सतरंज्या, जुनी कमान. अध्यक्षांना म्हटलं, दादा, रविवारी सकाळी दोन तास ही खोली मला द्या. ते म्हणाले, काकू क्लास काढताय का. म्हटलं, क्लास वगैरे काही नाही, आपल्या पोरांना घरात दारात लागणारी कामं शिकवायची आहेत, नववी ते कॉलेजपर्यंतची पोरंपोरी चालतील, फी नाही. त्यांनी तिथल्या तिथे चावी दिली आणि गॅसची शेगडी पण वापरा म्हणाले.

आता कामं म्हणजे काय, तर मी पहिल्या रविवारी फळ्यावर लिहून शिकवायला गेले. आरोग्य, पैसा, सुरक्षा असे कॉलम पाडले. २२ पोरं आली होती, पुढच्या रविवारी ९ आली. तेव्हा मला कळलं की शाळेत सहा दिवस जे होतं तेच सातव्या दिवशी केलं तर कोण येणार. मग फळा पुसला आणि म्हटलं आज नाश्ता तुम्ही करायचा, सगळ्यांना पुरला पाहिजे, हे २०० रुपये, जा.

मंडळी, त्या पोह्यांची गोष्ट सांगतेच. दोन मुलं दुकानात गेली आणि पातळ पोहे घेऊन आली, चिवड्याचे. कांदेपोह्याला जाडे लागतात हे त्यांना माहीत नव्हतं, कारण घरी आयतं ताटात येतं. त्यातून एकाने ते पाण्यात भिजत घातले आणि फोन बघत बसला, दहा मिनिटांनी बघतो तर लगदा. मी जवळच बसले होते, मला दिसत होतं, तोंडावर आलं होतं सांगायचं, पण नाही सांगितलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो लगदा फोडणी घालून खाल्ला, आणि पुढच्या रविवारी त्याच पोराने किलोभर जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरले, हाताने हलवत भिजवले, निथळत ठेवले, मीठ साखर वरून लावली आणि कांदा पारदर्शक होईपर्यंत शेगडीपासून हलला नाही. आता तो घरी आईला बरं नसलं की करतो म्हणे. मी आयत्या वेळी बोलले असते तर त्याला ते पोहे माझे वाटले असते.

म्हणून मला एवढंच सांगायचंय, काम खरं पाहिजे, आणि ते बिघडलं तर खरंच बिघडलं पाहिजे. खोटी खोटी प्रॅक्टिस पोरांना लगेच कळते.

एक आई मला रस्त्यात भेटून म्हणाली, काकू, तुम्ही आमच्या मुलाला स्वयंपाक काय शिकवता, तो काय बाई आहे का. मी तिला म्हटलं, अगं, उद्या त्याला चाकणला नाहीतर हिंजवडीला नोकरी लागेल, चार पोरांत खोली घेऊन राहील, रोज बाहेरचं खाईल, पोट बिघडेल, पगारातले निम्मे पैसे त्यातच जातील. आणि पुढे त्याची बायको पण नोकरी करणारी असेल. ती काही बोलली नाही, पण मुलाला पाठवायची थांबली पण नाही. हे आईवडिलांशी बोलणं मला फार महत्त्वाचं वाटतं, पोरांना शिकवायच्या आधी निम्मं काम तिथेच असतं.

आता गॅसचं सांगते, हे ऐकणाऱ्यांनी आजच घरी करून बघा. सिलिंडरच्या वरच्या कड्याखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे आकडे वर्षाचे. म्हणजे सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. आमच्याकडच्या अकरावीतल्या एका मुलीने घरी जाऊन वाचलं तर तारीख उलटून गेलेली. वडील म्हणाले जाऊ दे, एवढ्याने काय होतंय. ती ऐकेना, तिने स्वतः एजन्सीत फोन लावला, दोनदा टाळाटाळ झाली, तिसऱ्यांदा बदलून मिळाला. तिच्या वडिलांनी मला येऊन सांगितलं, आवाज भरून आला होता त्यांचा. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, बाहेर यायचं आणि गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडायला लागतं. हे सगळं पोरांनी एकमेकांना करून दाखवायचं, मी फक्त बघते.

वस्तीतल्या एका नर्सताईंनी दोन रविवार दिले. हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं ते त्यांनी घट्ट उशीवर शिकवलं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला निदान पाच सेंटिमीटर खोल, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. जुलाब झाले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. चमचे पण सगळ्यांनी मोजून घेतले, कारण घरोघरी चमचा वेगळा असतो.

पैशाचा विषय माझ्या जवळचा आहे म्हणून तिथे मी जास्त रेंगाळते. १० वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतःच्या नावावर खातं उघडून स्वतः चालवता येतं, रक्कम किती वगैरे त्याच्या मर्यादा बँक ठरवते, पण हे कितीतरी आईवडिलांना माहीतच नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेतलंय, आजीआजोबांना शिकवायला पण सांगितलंय.

तरीही आमच्यातल्याच एका मुलाचे ८००० रुपये गेले. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होता. मोबाईलवर मेसेज आला, घरबसल्या काम, रेटिंग द्यायचं, पैसे मिळतील. आधी दीडशे रुपये खरंच आले, मग डिपॉझिट भरा, मग अजून भरा. वडिलांनी टू व्हीलरच्या सर्व्हिसिंगसाठी आणि घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे होते ते. तीन दिवस त्याने कोणाला सांगितलं नाही. जेवला नाही नीट. चौथ्या दिवशी रविवार होता, तो आला, सगळे गेल्यावर सतरंजी घडी करत करत म्हणाला, काकू, एक झालंय. आम्ही तिथूनच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला, तक्रार केली. पण अशा वेळी पहिला तासदोन तास मोलाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते, इथे तीन दिवस गेले होते. नाही मिळाले पैसे.

मी त्याच्या घरी गेले सोबत. वडील रिक्षा चालवतात. मला वाटलं होतं चिडतील, ते नुसते म्हणाले, अरे, त्याच दिवशी सांगायचं ना.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, संवाद, ताण हाताळणं, भावना हाताळणं वगैरे. शाळेच्या पुस्तकात ती यादी असते, पोरं परीक्षेपुरती पाठ करतात. मला ती सगळी यादी त्या एका वाक्यात दिसली. माझं चुकलंय हे घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगता येणं, यासाठी आधी कुठेतरी चुकायची सवय आणि चूक सांगितली तर कोणी हसत नाही याचा अनुभव लागतो. आमच्या खोलीत आता तसा वेळ ठेवलाय, शेवटची पंधरा मिनिटं, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. आणि ज्याला आमच्यासमोर बोलता येत नाही त्याच्यासाठी दारावर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही हो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतल्या मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ माणूस दुष्काळी गावात आला. तिथे शाळा सुटलेली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, जनावरं, वायरिंग, खाद्यपदार्थ सगळं करत करत शिकतात, आणि त्यातलं बरंच काम गावाच्या गरजेचं असतं, म्हणजे केलेलं गेट खरंच कोणाच्या तरी दाराला लागतं. त्याच्याही आधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली होती, हाताच्या कामातून शिक्षण. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराशिवाय, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम करायचं म्हटलंय. विचार जुना आहे आणि चांगला आहे. माझं म्हणणं एवढंच की दहा दिवसांनी काय होतंय, हे दर आठवड्याला पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या पुण्यात जागेची ददात नाही. मंडळांच्या खोल्या आहेत, सोसायट्यांचे हॉल आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. शिकवणारी माणसं पण गल्लीतच आहेत, इलेक्ट्रिशियन, शिंपी, रिटायर झालेले पोस्टमन.

मंडळांना माझी एक मागणी आहे, पोरांना फक्त मांडव घालायला आणि ढोल वाजवायला बोलावू नका, हिशोब पण त्यांच्या हातात द्या. आषाढी वारीच्या वेळी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, भवानी पेठेत माउलींची आणि नाना पेठेत तुकोबांची, तेव्हा आमचं मंडळ वारकऱ्यांना सकाळी चहा आणि उपमा देतं. गेल्या वेळी सगळा खर्च बारावीतल्या एका मुलीकडे दिला, रजिस्टर तिने लिहायचं, पावती असेल तरच पैसे. संध्याकाळी ३४० रुपये लागेनात. मोठी माणसं म्हणाली, अगं सोड, इकडेतिकडे होतंच. ती बसली खोलीत, सगळ्या पावत्या सतरंजीवर मांडल्या, रव्याची, दुधाची, कप, कोथिंबीर, एकेक पेन्सिलीने टिक करत गेली. रात्री साडेनऊला तिला सापडलं, टेम्पोवाल्याला रोख दिले होते, पावती घेतली नव्हती, आणि देणारे आमचे खजिनदारच होते. ती त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, काका, इथे सही करा. त्यांनी केली, आणि पुढच्या मीटिंगमध्ये स्वतः उठून म्हणाले, यापुढे वही हिच्याकडेच राहील.

येत्या रविवारी सायकलचं पंक्चर आहे. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका त्यांची पाण्याची पाटी घेऊन येणार आहेत, बुडबुडा कुठून येतो ते शोधायचं, तिथे खरडायचं, सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं, काका म्हणतात हे थांबणंच आजकाल कोणाला जमत नाही. सकाळी नऊला सुरू करू. तुमच्या जवळपास अशी खोली असेल तर तिची चावी कोणाकडे आहे ते या आठवड्यात विचारून ठेवा, आणि आमच्याकडे येणाऱ्यांनी घरातली एक जुनी ट्यूब घेऊन या.