चार मिनिटांचे विजेते

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगच्या, म्हणजे बुंडेसलिगाच्या, 2000-01च्या मोसमाबद्दल. बायर्न म्युनिक त्या वर्षी 9 सामने हरला होता, म्हणून शर्यत शेवटपर्यंत जिवंत राहिली. शर्यतीत होता शाल्के. गेल्सेनकिर्शेन या कोळसा खाणींच्या गावातला संघ. त्याला खाणकामगारांचा संघ म्हणूनच ओळखतात, आणि 1958 नंतर त्याने लीग जिंकलेली नव्हती.

शेवटून दुसऱ्या आठवड्यात दोघांचे गुण सारखे, 59. त्या दिवशी अगदी शेवटच्या क्षणी श्टुटगार्टच्या बालाकोव्हने शाल्केवर गोल केला आणि जवळजवळ त्याच वेळी म्युनिकमध्ये झिकलरने बायर्नला जिंकून दिलं. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. आता बायर्न 62, शाल्के 59. मात्र गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, बघतात आणि तो शाल्केचा चांगला. म्हणजे शाल्के जिंकायला हवा आणि बायर्न हरायला हवा. लक्षात ठेवा, दोन्ही गोष्टी हव्यात.

जाता जाता सांगतो, लीग हाच फुटबॉलचा खरा कस असं माझं ठाम मत आहे. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये 2024-25च्या मोसमापर्यंत गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाला शील्ड द्यायची आणि चॅम्पियन ठरवायला पुन्हा प्लेऑफ खेळवायचे, हे मला कधीच पटलं नाही. महिनोन् महिने जो पुढे राहिला, तोच चॅम्पियन. असो.

तारीख 19 मे 2001. शाल्के आपल्या जुन्या पार्कस्टेडियममध्ये शेवटचा सामना खेळतोय, समोर छोटा उन्टरहाखिंग. बायर्न तिकडे हॅम्बुर्गला. उन्टरहाखिंगने सुरुवातीलाच दोन गोल ठोकले. मध्यंतराच्या तोंडावर शाल्केने दोन्ही फेडले. पुन्हा उन्टरहाखिंग पुढे, 3-2. मग योर्ग ब्योमेने पाठोपाठ दोन गोल केले आणि एबे सँडने पाचवा. 5-3! शाल्केने आपलं काम केलं. पण बायर्न हरायला हवा ना? हॅम्बुर्गला अजून 0-0.

आणि 90व्या मिनिटाला बार्बारेझने हेडर मारला. हॅम्बुर्ग 1, बायर्न 0.

ही बातमी गेल्सेनकिर्शेनला पोचली आणि स्टेडियम उसळलं. तिथला सामना संपला होता. लोक कुंपणं ओलांडून मैदानात धावले. फटाके फुटत होते, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कुणीतरी सांगितलं, हॅम्बुर्गचाही सामना संपला. टीव्हीच्या वार्ताहराने शाल्केच्या आंद्रेयास म्युलरला कॅमेऱ्यासमोर हेच सांगितलं. पण सामना संपला नव्हता, श्रोतेहो. संपला नव्हता!

स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गचं चित्र आलं. जादा वेळ चालू आहे. हॅम्बुर्गच्या उयफालुशीच्या पायातून चेंडू मागे गेला आणि गोलरक्षक शोबरने तो हातात घेतला. पंच मार्कुस मेर्क यांनी शिट्टी वाजवली: बॅकपास! सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. गोलपासून थोड्याच अंतरावर बायर्नला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे थेट गोल मारता येत नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी चेंडूला स्पर्श व्हावा लागतो. निर्णयावर आजही वाद होतो, पण माझ्या मते मेर्क यांनी नियमाला धरूनच शिट्टी वाजवली. आणि हा शोबर कोण? शाल्केचाच खेळाडू, हॅम्बुर्गला उसना दिलेला!

बायर्नचा गोलरक्षक ऑलिव्हर कान आपला गोल सोडून पुढे धावत आला. हॅम्बुर्गची सगळी फौज गोलसमोर भिंत करून उभी. बायर्नच्या एफेनबर्गने चेंडू हलकेच सरकवला आणि स्वीडनच्या पॅट्रिक अँडरसनने सगळा जीव एकवटून लाथ हाणली. पायांच्या त्या गर्दीतून चेंडू आत! 94वं मिनिट, 1-1. बायर्नसाठी अँडरसनने केलेला हा एकमेव गोल. कान कोपऱ्यातला झेंडा उपटून पाठीवर आडवा झाला. आणि पार्कस्टेडियममध्ये, त्याच पडद्याखाली, हजारो माणसं जागच्या जागी रडू लागली.

बायर्न 63, शाल्के 62. साधारण चार मिनिटं शाल्के विजेता होता. शाल्केचे व्यवस्थापक रुडी आसाउअर म्हणाले की फुटबॉलच्या देवावर आता माझा विश्वास नाही. जर्मनीत त्या संघाला तेव्हापासून 'हृदयांचा विजेता' म्हणतात.

पुढे चार दिवसांनी बायर्नने मिलानमध्ये व्हॅलेन्सियाला पेनल्टींवर हरवून चॅम्पियन्स लीगही जिंकली. 26 मेला शाल्केने युनियन बर्लिनला 2-0 हरवून जर्मन कप घेतला. दोन्ही गोल ब्योमेचेच. लीग मात्र त्यांना अजून मिळालेली नाही.

आणि उन्टरहाखिंग? वर्षभर आधी याच संघाने शेवटच्या दिवशी लेव्हरकुसेनला हरवून बायर्नला विजेतेपद मिळवून दिलं होतं. या पराभवानंतर ते दुसऱ्या श्रेणीत घसरले आणि बुंडेसलिगात पुन्हा कधी परतले नाहीत. पार्कस्टेडियममध्ये जाऊन तीन गोल करणाऱ्या त्या छोट्या संघाची या गोष्टीत कुणी फारशी आठवण काढत नाही, म्हणून मी मुद्दाम काढली. नमस्कार.