बॅकलॉग शून्य, तरी फाइल पोचत नाही!

नमस्कार मंडळी! आज एक असा घोळ सांगतो, ज्यानं माझा अख्खा शनिवार खाल्ला.

एका ग्राहकाकडे दोन विंडोज सर्व्हर. एक पुण्यात, एक नागपुरात. दोघांमध्ये डीएफएस रेप्लिकेशन (थोडक्यात डीएफएसआर) लावलंय, म्हणजे पुण्यात टाकलेली फाइल आपोआप नागपुरात उतरायला हवी. सकाळी नागपूरहून फोन आला, "सर, ड्रॉइंग येतच नाहीयेत. कालपासून वाट बघतोय."

अशा वेळी आपला हात आधी सर्व्हिस रीस्टार्टकडे जातो. काही धीट मंडळी तर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये शिरून डीएफएसआरचा डेटाबेसच उडवतात. हात जोडतो, असलं काही करू नका. डेटाबेस गेला की डीएफएसआर सगळ्या फाइली पहिल्यापासून तपासत बसतो. लाखभर फाइली असल्या तर तुमचा रविवारही गेलाच.

मी काय केलं, तर पुण्यात एक साधी टेक्स्ट फाइल बनवली. काही सेकंदांत ती नागपुरात हजर! म्हणजे नेटवर्क ठीक, सर्व्हिस ठीक. (चाचणीच्या फाइलीचं नाव टिल्डनं, म्हणजे ~ या चिन्हानं सुरू करू नका, आणि शेवटी टीएमपी किंवा बीएके नको. डीएफएसआर अशा फाइली मुळातच गाळतो. मी एकदा याच चुकीपायी तासभर डोकं धरून बसलोय.)

मग बॅकलॉग, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या फाइलींची रांग पाहिली.

[स्क्रीनवर: डीएफएसआर-डायग बॅकलॉगचा आदेश]

बॅकलॉग शून्य. म्हणजे सर्व्हर म्हणतोय, पाठवायचं काहीच शिल्लक नाही. आणि ड्रॉइंग तर नागपुरात नाही! इथं माझी ट्यूब पेटली. फाइल अडकलेली नाहीये, डीएफएसआर तिला मोजतच नाहीये.

[स्क्रीनवर: एफएसयुटिल यूएसएन रीडडेटा, पुढे फाइलीचा पत्ता]

फाइल ॲट्रिब्यूट्सची, म्हणजे फाइलीवरच्या खुणांची ओळ बघा. ०एक्स१२०. यातले २० म्हणजे आर्काइव्ह, नेहमीचं. पण ते १०० म्हणजे टेम्पररी. प्रोग्रॅमनं फाइलीवर शिक्का मारलाय, "ही तात्पुरती आहे." तात्पुरत्या फाइली डीएफएसआर पाठवत नाही. हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. आणि गंमत म्हणजे फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यात, तर तिथं फक्त रीड-ओन्ली आणि हिडन दिसतं. टेम्पररीचा पत्ताच नाही.

आता, तुमच्याकडे चाचणीची फाइलही पोचली नाही, तर मामला वेगळा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डीएफएस रेप्लिकेशनचा लॉग उघडा. २२१३ क्रमांकाचा इव्हेंट दिसला तर सर्व्हर अचानक बंद पडला होता, बहुधा यूपीएसनं दगा दिला. त्या इव्हेंटमध्येच रेप्लिकेशन पुन्हा सुरू करायचा आदेश लिहिलेला असतो. आधी बॅकअप, मग तो चालवा. ४०१२ दिसला तर तो सर्व्हर ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ तुटलेला होता. ही मुदत साधारणपणे ६० दिवसांची असते. ती वाढवून मोकळे होऊ नका, नाहीतर तिथल्या जुन्या, इकडं कधीच्या डिलीट झालेल्या फाइली भुतासारख्या परत येतील. आणि ४२०२, ४२०८ ची रांग लागली असेल तर स्टेजिंग, म्हणजे फाइली पाठवण्याआधी तयार करून ठेवायची जागा, कमी पडतेय. या जागेचा मूळ कोटा ४ जीबीचा, पण तुमच्या सर्वांत मोठ्या ३२ फाइलींची बेरीज करा आणि निदान तेवढा तरी ठेवा.

आपल्या ड्रॉइंगवर येऊ. पॉवरशेलची एक ओळ लिहिली. ज्या फाइलींवर टेम्पररीचा शिक्का आहे, फक्त त्यांच्यावरून तो पुसायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. एंटर मारलं. इतका वेळ शून्यावर बसलेला बॅकलॉग एकदम वर चढला. बॅकलॉग वाढला म्हणून आनंद झालेला मी पहिलाच असेन! संध्याकाळपर्यंत नागपूरचं फोल्डर भरलं.

पण शिक्का मारणारं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तेच आहे, उद्याही ते तेच करणार. म्हणून ती ओळ रोज रात्री २ वाजता चालेल अशी टास्क शेड्यूलरला टाकून ठेवलीय. ती खाली डिस्क्रिप्शनमध्ये देतो, आधी एखाद्या फालतू फोल्डरवर चालवून बघा.