पेज सासूबाईंनी रांधली

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी.

ओळख करून देताना ताईंनी ‘चाळीस वर्षांची समाजसेवा’ असं म्हटलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमची पडवी होती, आणि तिथे सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई. त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय ही शाल मला अंगावर घेववणार नाही.

माझं सासर मंडणगड तालुक्यात, बाणकोट आणि केळशी यांच्या मधल्या किनाऱ्यावर. १९६३ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आमचे हे पोस्टमन. त्या काळी अख्खी वाडी मनीऑर्डरीवर जगायची. घरटी एक माणूस मुंबईला, बहुतेक गिरणीत. हे पैसे मोजून हातात द्यायचे, अंगठा घ्यायचे आणि कुपनावरच्या दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवायचे. ‘पावसाआधी कौलं चाळून घ्या. गणपतीला येतो.’ बायका म्हणायच्या, परत वाचा. हे परत वाचायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, आणि सुमारे अडीच लाख कामगार. शिमग्याला आमचे चाकरमानी आले, त्यातले कितीतरी परत गेलेच नाहीत. ह्यांची पिशवी हलकी झाली. बायका दारात उभ्या असायच्या, हे मान हलवून पुढे व्हायचे. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, “आज मागच्या पाखाडीनं आलो. त्यांच्या दारावरून येववेना.”

त्याच आठवड्यात चौथीतली एक मुलगी प्रार्थनेला उभी असताना कोसळली. सकाळपासून पोटात नुसता कोरा चहा. घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी कणगीतून पायलीभर उकडे तांदूळ काढले आणि मागच्या दारी तीन दगडांची चूल मांडली. दुपारी शाळेच्या पडवीत पेज आणि खारातली कैरी. मग ज्यांच्याकडे थोडंफार भात होतं, त्यांच्याकडून मूठमूठ तांदूळ यायला लागले. दोन पावसाळे ती पेज चालली. गावानं तिला नाव दिलं ‘बाईंची पेज’. मी फक्त वाढायचे. चारला उठणं, ओली लाकडं फुंकत बसणं, धुरानं डोळे सुजवून घेणं हे सगळं त्या माउलीचं. आज ती कैरी आणि उकड्याचा वास आठवला की मला त्यांचे लाल झालेले डोळेच दिसतात.

त्याआधीची, १९७७ सालातली मे महिन्यातली एक रात्र सांगायची आहे. आजवर ही कुठल्या व्यासपीठावर बोलले नाही.

माझी लेक नऊ वर्षांची, गोवरानं फणफणलेली. रात्री दहाच्या सुमारास हाक आली. खालच्या वाडीतल्या मुलाला विंचू चावला होता, लाल विंचू. लेकीनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. “आई, आज नको ना जाऊ.” सासूबाई म्हणाल्या, “जा गो तू, पोरीजवळ मी आहे.” मी लेकीची बोटं एकेक करून सोडवली. ती बोटं मला अजून आठवतात, गरम, घामेजलेली.

घोंगडीची डोली केली, चौघांनी खांदा दिला, मी बत्ती घेऊन पुढे. मुलगा घामानं चिंब, हातपाय बर्फासारखे, छातीत घुरघुर. मोटार जिथवर येत होती तिथवर आम्ही पोचलोच नाही. पऱ्ह्याजवळ त्याच्या तोंडाशी गुलाबी फेस आला आणि तिथेच तो गेला. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी भरतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढच्या दशकात रक्तदाबाचं औषध, प्राझोसिन, अशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि दहांतले तीन-चार दगावायचे तिथे माणसं हमखास वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी मी देवापाशी साखर ठेवली. पण तो मुलगा काही वर्षं आधी जन्मला होता.

पहाटे घरी आले. सासूबाई भिंतीला टेकून जाग्याच होत्या, लेक त्यांच्या मांडीवर. तिचा ताप उतरला होता. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, सासूबाईंनी लावलेले माडही आडवे झाले. तेव्हा तुमच्यापैकी काहींनी पत्र्यांसाठी पैसे पाठवले, वीज नसताना रोज फोन लावून पाहिला. आमच्या वाडीतर्फे आज तुमचे हात जोडून आभार मानते.

निवृत्तीनंतर माझं मन कासवांत रमलं. शेजारी वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी मिळून कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी. पूर्वी ती लोक खायचे, उरलेली कोल्हे न्यायचे. आता ती कुंपणात हलवून पुरतात, वर टोपली पालथी घालतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी वाळू मध्येच खचते, आणि कुणीतरी टोपली उचलतं तेव्हा खाली काळी, ओली पिल्लं एकमेकांवर चढत असतात. पाण्यापर्यंत त्यांना आपणहून चालू द्यायचं, हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत मी परत जाते आहे. लेकीनं या खेपेला तीन आठवड्यांची रजा काढली आहे. ती लहान असताना तिला घेऊन समुद्रावर जावं अशी सकाळ मला कधी सापडली नाही. तिकडच्या मुलांना मी सांगून ठेवलंय, आमच्या वाट्याची टोपली या वर्षी तीच उचलेल.