धुरकट काचेमागचा काटा

जुन्या गाडीचा हा स्पीडोमीटर, म्हणजे वेग दाखवणारा मीटर, बघा. बाहेरून काच कितीही पुसा, आतला दुधी थर काही हलत नाही, उन्हात तर काटा 40 वर आहे की 60 वर तेच कळत नाही. सगळ्यांना वाटतं धूळ गेली असेल आत, पण बऱ्याचदा ती तेलाची वाफ असते. चाकाचं फिरणं मीटरपर्यंत पोचवणारी जी केबल असते, तिला कोणीतरी अगदी वरपर्यंत ग्रीस भरलेलं असतं, केबल फिरते तसं ते वर चढत चढत थेट मीटरच्या पोटात जातं. म्हणून केबलचं मीटरकडचं टोक, वीतभर तरी, कोरडंच ठेवायचं, नाहीतर आज केलेली सगळी मेहनत वाया.

उघडायच्या आधी एक बघून घ्या. मीटर 1960 च्या आसपासचा किंवा त्याहून जुना असेल आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग असेल तर तो रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी, असू शकतो. आता चमकत नाही म्हणून धोका संपला असं नाही हं, चमकणारं झिंक सल्फाइड थकतं, रेडियम तसंच राहतं, ते निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. असा मीटर घरी उघडूच नका, त्याची धूळ श्वासात जाणं फार वाईट.

बाकीच्या मीटरची काच धरून ठेवणारी रिंग मागे दुमडून बसवलेली असते, स्क्रू नसतात. बोथट स्क्रूड्रायव्हरनं कड जराजराशी उचलायची, गोल फिरत, दोन-तीन फेऱ्यांत. एकाच जागी जोर लावला की पत्रा तडकतो नाहीतर लाटा पडतात आणि त्या मग जन्मभर दिसतात.

आता आतला हा भाग मला फार आवडतो. केबल लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी आहे, दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि ती मागोमाग ओढली जाते, तिला मागे खेचते ती ही केसासारखी स्प्रिंग. ऑटो शुल्झे या जर्मन इंजिनियरनं 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. या स्प्रिंगसाठीच सांगतो, कंप्रेसरची हवा मारू नका, ती वाकली की मीटर कायमचा खोटं बोलणार. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा पुरतो.

काच काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, प्लॅस्टिकची असेल तर स्पिरिट लावू नका, बारीक भेगा पडतात. डायलला मात्र शक्यतो हातच लावू नका. मऊ कोरडा ब्रश, बस. पेट्रोल, थिनर लावलं की छापलेले आकडे कापसावर येतात, मी हे एकदा डोळ्यांसमोर होताना पाहिलंय, त्या दिवसापासून फिका डायल मला फिकाच चालतो. काटा उपटायचाही मोह नको. काढावाच लागला तर आधी तो अडणीच्या खिळ्यावरून, म्हणजे शून्यापाशी त्याला अडवणाऱ्या बारीक खिळ्यावरून, अलगद उचलून सोडा, जिथे थांबेल तिथे खूण करा, परत तिथेच बसवायचा, कारण स्प्रिंगला आधीच थोडा ताण दिलेला असतो.

बंद करताना फेविक्विक नको, त्याची वाफ काचेला आतून पांढरी करते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पण नको, त्याच्या आम्लानं आतला धातू गंजतो. काचेखालचं नवीन रबर बसवा, आणि हे सगळं कोरड्या दिवशी करा, दमट हवा आत कोंडली तर पहिल्याच थंड सकाळी काचेवर आतून दव दिसेल.