बॅकसेट ते कॉन्सिक्वेन्शियलिझम : इंग्रजी तत्त्वज्ञानाचे शब्द कुणी घडवले?

सन १५७३. लंडनमध्ये तर्कशास्त्रावरचं एक इंग्रजी पुस्तक छापून येतं. लेखक राल्फ लीव्हर. पुस्तकाच्या नावात 'लॉजिक' हा शब्द नाही. त्याच्या जागी लीव्हरनी स्वतःचा शब्द घातलाय, 'विटक्राफ्ट'. बुद्धीचं कसब.

आत शिरलं की असे शब्द पानोपानी भेटतात. व्याख्येला 'सेव्हॉट', म्हणजे 'काय ते सांग'. निष्कर्षाला 'एंडसे', शेवटचं म्हणणं. उद्देश्याला 'फोरसेट', आणि विधेयाला, ज्याला इंग्रजीत आज 'प्रेडिकेट' म्हणतात, त्याला 'बॅकसेट'.

यामागे पक्का विचार होता. प्रस्तावनेत लीव्हर वाचकाला एक प्रयोग सुचवतात. ग्रीक आणि लॅटिन न येणाऱ्या एखाद्या इंग्रज माणसाला विचारा, 'बॅकसेट' म्हटल्यावर तुझ्या मनात काय येतं? आणि 'प्रेडिकेट' म्हटल्यावर? पहिल्या शब्दावरून, ही नंतर ठेवायची गोष्ट आहे, एवढं तरी त्याला उमगेल. दुसऱ्यावरून काहीही उमगणार नाही.

साडेचारशे वर्षांनंतरही या प्रश्नाचा जोर कमी झालेला नाही. तरी लीव्हर हरले. त्यांच्या आधी, १५५१ साली, टॉमस विल्सन यांचं तर्कशास्त्र इंग्रजीत आलं होतं आणि त्यात लॅटिन संज्ञा बहुतेक तशाच राहिल्या होत्या. शिवाय तर्कशास्त्र शिकणारे विद्यापीठातले. ते लॅटिनवरच वाढलेले. त्यांच्या कानाला परका वाटला तो 'बॅकसेट'.

पण साधा शब्द आपोआप समजतो, हे लीव्हरचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. हा युक्तिवाद बघा. सगळे मासे झाडावर राहतात. शार्क हा मासा आहे. म्हणून शार्क झाडावर राहतो. इंग्रजी तर्कशास्त्रात हा युक्तिवाद 'व्हॅलिड' ठरतो, कारण आधीची दोन्ही विधानं खरी मानली तर निष्कर्ष टाळताच येत नाही. तो 'साउंड' मात्र नाही, कारण पहिलं विधानच खोटं आहे. 'व्हॅलिड' आणि 'साउंड' हे दोन्ही रोजच्या बोलण्यातले शब्द, आणि नवा विद्यार्थी अडखळतो तो नेमका इथेच. अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी कोण उघडतो?

आता शंभर वर्षं पुढे जाऊ. १६७८ साली केंब्रिजचे राल्फ कडवर्थ आपल्या मोठ्या ग्रंथात 'कॉन्शसनेस', म्हणजे जाणीव, हा शब्द तत्त्वज्ञानाच्या कामाला लावतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक त्यावर एक अख्खा सिद्धान्त उभा करतात. मानवी आकलनावरच्या आपल्या 'निबंध' या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत लॉकनी एक नवं प्रकरण घातलं. प्रश्न असा की कालची व्यक्ती आणि आजची व्यक्ती एकच, हे कशावरून? समजा, एखाद्या राजपुत्राची जाणीव, त्याच्या साऱ्या आठवणींसकट, एका मोच्याच्या देहात शिरली. बघणाऱ्यांना मोचीच दिसेल. पण राजपुत्राच्या कृत्यांचा जाब द्यायचा तो यानेच, असं लॉक म्हणतात. व्यक्ती टिकते ती या जाणिवेमुळे.

लॉकची शेवटची वर्षं एसेक्समधल्या ओट्स या वाड्यात, मॅशम कुटुंबात गेली. घरच्या डॅमरिस मॅशम स्वतः तत्त्वज्ञ होत्या, आणि त्या कडवर्थ यांच्याच कन्या. त्यांच्या मुलाचे शिक्षक पिएर कोस्त तिथेच राहून लॉकचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणत होते. 'कॉन्शसनेस'पाशी ते अडले. फ्रेंचमध्ये जाणीव आणि सदसद्विवेक या दोहोंसाठी एकच शब्द. शेवटी कोस्तनी त्या शब्दाच्या मधोमध एक आडवी रेघ घालून त्याचे दोन तुकडे केले, आणि असं का केलं ते तळटीपेत सविस्तर सांगितलं. भाषांतर १७०० साली निघालं. एका रेघेसाठी एवढा खुलासा देणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एकोणिसाव्या शतकात तर शब्दांची रीघच लागली. १८५४ साली स्कॉटलंडच्या जेम्स फेरियर यांनी एका ग्रंथात ज्ञानाच्या विचाराला 'एपिस्टेमॉलॉजी' म्हटलं. त्याच ग्रंथात अज्ञानाच्या विचारालाही त्यांनी वेगळं नाव दिलं होतं, 'ॲग्नॉयॉलॉजी'. पहिलं रुजलं, दुसरं विरलं. माझ्या मते दुसऱ्याची गरज पहिल्याइतकीच होती. १८६९ साली जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी 'ॲग्नॉस्टिक' घडवला, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. भोवतालच्या प्रत्येकाला आपापल्या मताचं नाव होतं, त्यांनाच नव्हतं.

आणि १९५८. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी एका लेखात 'कॉन्सिक्वेन्शियलिझम' हा शब्द वापरला तो आरोप म्हणून. परिणाम चांगले होत असतील तर निरपराध माणसालाही देहदंड देववावा का, हा प्रश्न ज्याला आधीपासूनच खुला वाटतो, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही, असं त्यांनी त्यात बजावलं. आज परिणामांवरूनच कृतीची योग्यता ठरवणारे तत्त्वज्ञ स्वतःची ओळख त्याच शब्दाने करून देतात, आणि पाठ्यपुस्तकांत तो निव्वळ एका भूमिकेचं नाव म्हणून छापला जातो.